दिसू नये, पण ओळखू यावं

जुहूच्या धावपट्टीवरून उडालेलं विमान समुद्रावर येऊन दक्षिणेला वळलं की पाव तासाच्या आत डाव्या पंखाखाली खांदेरी-उंदेरी येतात. मग थळ, अलिबागचा कुलाबा किल्ला, रेवदंड्याची खाडी आणि तिच्या तोंडाशी समुद्रात घुसलेली कोर्लईची सोंड. पुढे काशीदची वाळू, राजपुरीच्या खाडीतला जंजिरा आणि सगळ्यात शेवटी श्रीवर्धन-हरिहरेश्वर. आज आपण याला रायगडचा किनारा म्हणतो, १९८१ पर्यंत हा कुलाबा जिल्हा होता. दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणारं जहाज याच पाण्यातून वर सरकायचं. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात मुंबईचं रक्षण म्हणजे बऱ्याच अंशी या किनाऱ्यासमोरच्या समुद्रावर नजर ठेवणं होतं.

त्या नजरेची कामं ज्या विमानांनी केली त्यांच्याबद्दल जे थोडंफार लिहिलं गेलं, ते इंजिनं, बाँब आणि पदकं यांच्याबद्दल. मला त्यांच्या रंगाबद्दल लिहायचं आहे. लढाऊ विमानाच्या अंगावरचा रंग थोडाफार चुकला तरी वेग आणि तोफा त्याला सावरून घेतात. टेहळणीच्या विमानाला लढायचंच नसतं. पाहायचं, टिपायचं आणि परत येऊन सांगायचं, एवढंच त्याचं काम. परत आलंच नाही तर त्याने पाहिलेलंही फुकट. म्हणून शत्रूला ते दिसू नये, अशी पहिली अट. दुसरी अट तिच्या अगदी उलट. परतताना आपल्याच तोफांनी आणि आपल्याच विमानांनी त्याला पाडू नये, म्हणून ते आपलं आहे हे एका नजरेत कळायला हवं. ही भीती काल्पनिक नव्हती. ब्रिटनने युद्ध पुकारल्यावर तिसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबर १९३९ला, ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी ब्रिटिशांचीच दोन हरिकेन पाडली होती. पुढची तीस-पस्तीस वर्षं या दोन अटींची ओढाताण विमानांच्या अंगावर रंगाच्या थरांनी लिहिली गेली, आणि त्यातला बराच भाग आपल्या किनाऱ्यावरून उडत गेला.

युद्ध सुरू झालं तेव्हा भारतीय हवाई दलाचं वय सात वर्षं आणि स्क्वाड्रन एक. तीही वायव्य सरहद्दीच्या कामाला जुंपलेली. समुद्रावर पाहायला कोणीच नाही. म्हणून हवाई दलाचं स्वयंसेवक राखीव दल उभारण्यात आलं. फ्लाइंग क्लबात शिकलेले, विमान कंपन्यांत नोकरी करणारे नागरी वैमानिक त्यात घेतले आणि मोठ्या बंदरांजवळ किनारा-संरक्षण तुकड्या बसवल्या. पहिली मद्रासला, दुसरी मुंबईला, पुढच्या कलकत्ता, कराची, कोचीन आणि विशाखापट्टणमला. मुंबईची तुकडी जुहूला होती. जुहू म्हणजे जे. आर. डी. टाटा १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन जिथे उतरले तेच मैदान. पावसाळ्यात तिथे इतका चिखल व्हायचा की टाटांना आपली सेवा पुण्याला येरवड्याला हलवावी लागायची. अशा मैदानावरून ही मंडळी समुद्रावर जाऊ लागली, आणि तीही वापिटी विमानांतून.

वेस्टलँड वापिटी हे दुमजली पंखांचं, दोन माणसांचं, एका इंजिनाचं विमान. त्याचा आराखडा १९२७चा आणि सुटे भाग शक्य तितके पहिल्या महायुद्धातल्या जुन्या विमानाचे, म्हणजे काटकसरीचं अपत्य. जमिनीवर इंजिन बंद पडलं तर शेतात उतरता येतं. खांदेरीच्या पश्चिमेला वीस मैलांवर बंद पडलं तर काय, याचं उत्तर कुणी फारसं शोधलेलं नव्हतं. भारतात ही विमानं आली ती चंदेरी रंगात. या चंदेरीमागे सौंदर्यदृष्टी नव्हती. वापिटीच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड असायचं आणि ते घट्ट बसावं म्हणून त्यावर ‘डोप’ नावाचा वार्निशसारखा लेप द्यायचे. उन्हातल्या अतिनील किरणांनी कापड कुजतं. म्हणून शेवटच्या लेपात ॲल्युमिनियमची पूड मिसळायची, म्हणजे ऊन परतून जातं. त्यावर लाल, पांढऱ्या, निळ्या वर्तुळांचं ठसठशीत राउंडेल. सरहद्दीवर समोर शत्रूचं विमान कधी येतच नव्हतं, त्यामुळे लपण्याचा प्रश्न नव्हता. चकाकणारं विमान उलट बरंच, टोळीवाल्यांना लांबून दिसायचं आणि जरब बसायची.

समुद्रावर हा हिशोब बदलला. तिथे कुणाला शोधायचं होतं ते पाहा. १९४० आणि ४१ साली हिंदी महासागरात ‘अटलांटिस’, ‘पिंग्विन’ अशी जर्मन हल्लेखोर जहाजं फिरत होती. ही मुळात मालवाहू जहाजं. पत्र्याच्या आडोशामागे तोफा लपवलेल्या आणि रंगाचे डबे भरपूर. ‘अटलांटिस’ने तर भर समुद्रात स्वतःला रंगवून ‘कासी मारू’ नावाचं जपानी जहाज करून घेतलं होतं. तेव्हा जपान युद्धात उतरलेला नव्हता, त्यामुळे जपानी जहाज म्हणजे तटस्थ जहाज. पुढे गरज पडली तेव्हा त्याने पुन्हा दुसऱ्या जहाजाचं सोंग घेतलं. म्हणजे वापिटीच्या मागच्या खोबणीत, वाऱ्यात डोकं बाहेर काढून बसलेल्या निरीक्षकाला खाली दिसणाऱ्या रंगावर विश्वास ठेवायची सोय नव्हती. धुराडं कुठे आहे, डोलकाठ्या किती, मागचा भाग कसा वळलाय, यावरून त्याने ओळख पटवायची. रंग ही फसवी गोष्ट आहे हे टेहळणीवाल्यांना आपल्या अंगावरच्या रंगाआधी दुसऱ्याच्या अंगावरून कळलं.

मग १९४२ उजाडलं. सिंगापूर पडलं, रंगून पडलं. एप्रिलमध्ये जपानी विमानवाहू जहाजं श्रीलंकेपर्यंत आली. कोग्गलाहून उडालेल्या कॅटालिना विमानातून कॅनडाच्या लेनर्ड बर्चलने तो ताफा पाहिला आणि स्वतः पाडला जाण्याआधी बिनतारी संदेश धाडला. टेहळणी म्हणजे काय, याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मला माहीत नाही. मुंबईतली माणसं तोवर बोचकी बांधून कोकणात आणि गुजरातेत गावी निघाली होती. ब्रिटिशांच्या पूर्वेकडच्या आरमाराचा एक भाग ॲडमिरल सॉमरव्हिलबरोबर मुंबईला येऊन टेकला.

याच सुमारास भारतातल्या विमानांवर एक विचित्र काम सुरू झालं. राउंडेलमधला लाल रंग पुसायचा. जपानी विमानांवर मोठा लाल गोळा असायचा. ब्रिटिश राउंडेलच्या मध्यभागीही लाल गोळाच. दोन विमानं आकाशात एकमेकांजवळून जातात तेव्हा बघायला एखाद-दुसरा सेकंद मिळतो. त्या सेकंदात डोळा आकार मोजत नाही, रंग पकडतो. लाल दिसला की बोट घोड्यावर जातं. म्हणून हुकूम निघाला आणि ठिकठिकाणच्या विमानतळांवर माणसं ब्रश घेऊन लालावर पांढरा फासू लागली. अमेरिकनांनी त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या पांढऱ्या ताऱ्यातला लाल ठिपका काढला, कारण तेच. पुढे असं लक्षात आलं की जंगलावरून उडताना हा नवा पांढरा ठिपका फार उजळ दिसतो. मग पांढऱ्यात निळा मिसळून फिकट निळा केला आणि आख्खं राउंडेलच लहान केलं, एकमेकांत बसलेली दोन निळी वर्तुळं, अवघी १६ इंचांची. ज्या साम्राज्याने जगभर आपला तिरंगी ठसा मिरवला, त्याला आशियात स्वतःचा लाल रंग परवडेना. हे मला त्या युद्धातल्या कितीतरी मोठ्या घोषणांपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

   

आता पांढऱ्याकडे वळू, कारण आपल्या किनाऱ्याचा खरा रंग तोच.

हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला निघालेल्या लाँचच्या मागे कुरवांचे थवे लागतात. पर्यटक त्यांना कुरमुरे आणि चिप्स टाकतात. त्यांचं पोट पांढरं असतं हे सगळ्यांना दिसतं. ते पांढरं का असावं, यावर केंब्रिजचा मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक याने १९४४ साली ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. क्रेक युद्धकाळात वैमानिकांच्या नजरेवर काम करत होता, म्हणजे पक्ष्यांकडे तो विमानांच्या वाटेने आला होता. गोष्ट अशी आहे. आकाशातल्या वस्तूकडे खालून पाहिलं तर प्रकाश तिच्या मागून येतो. त्यामुळे कुठलीही वस्तू, कितीही फिकट असली तरी, आकाशापेक्षा काळीच दिसते. आपण निळा रंग दिला तर ती आकाशात मिसळेल ही समजूत चुकीची, कारण निळा पृष्ठभाग सावलीत गेला की काळवंडतो. समुद्रावरून उलटून येणारा उजेड जास्तीत जास्त परत फेकेल असा रंग पोटाला हवा. तो एकच, पांढरा. पाण्यातल्या माशाला कुरव उशिरा दिसतो तो यामुळे.

ब्रिटनच्या किनारा-रक्षण दलाच्या विमानांनी हे आधीच करून पाहिलं होतं. रात्री बाँब टाकणारी विमानं पोटाला काळी असत. तीच पाणबुड्या शोधायला पाठवली की पाणबुडीच्या मनोऱ्यावरचा पहारेकरी त्यांना लांबूनच हेरायचा आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास पाणबुडी पाण्याखाली. १९४१ मध्ये पोट आणि बाजू पांढऱ्या करून तुलना केली, तेव्हा पांढरं विमान दिसण्याचं अंतर सुमारे २० टक्क्यांनी घटलं. नव्या इंजिनाने, नव्या बाँबने जे साधलं नसतं ते चार डबे पांढऱ्या रंगाने साधलं. शिफारस करणारे गणिती आणि भौतिकशास्त्रज्ञ होते. सैन्याच्या सवयीत पांढरा म्हणजे शरणागतीचा रंग. तरी त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं, हे विशेष.

वरून मात्र विमान गडदच ठेवलं, कारण वरून पाहणाऱ्याच्या नजरेत पार्श्वभूमी समुद्राची असते. गडद करड्या आणि हिरवट पाटीच्या रंगाचे मोठे पट्टे, आणि मध्यरेषेपासून खाली लख्ख पांढरं. समुद्री टेहळणीच्या वेलिंग्टन विमानांची ही ठरलेली रंगसंगती होती.

ही विमानं मुंबईला आली १९४३ च्या अखेरीस. शाही हवाई दलाची २०३ क्रमांकाची स्क्वाड्रन सांताक्रूझच्या नव्या विमानतळावर उतरली आणि पुढचं जवळपास वर्षभर अरबी समुद्रावर गस्त घालत राहिली. वेलिंग्टन हे दोन इंजिनांचं, जाळीदार सांगाड्यावर कापड चढवलेलं विमान. समुद्री टेहळणीच्या या जातीच्या पाठीवर रडारच्या काड्या उभ्या असायच्या. पाठीवर काटे असणाऱ्या एका माशावरून ब्रिटिश सैनिक त्यांना ‘स्टिकलबॅक’ म्हणत. शिंगाळ्याच्या पाठीवरचा काटा ज्यांच्या हाताला लागलाय त्या थळ-वरसोलीच्या कोळ्यांनी त्यांना काय नाव दिलं असतं, याचा विचार करायला मला आवडतं.

ती आली तेव्हा धोका खरा होता. १९४३ च्या उन्हाळ्यात जर्मनीने ‘मान्सून’ नावाचा पाणबुड्यांचा गट हिंदी महासागरात पाठवला. नाव हवामानावरूनच. २ ऑक्टोबरला त्यातल्या यू-१६८ पाणबुडीने मुंबईच्या पश्चिमेला ‘हायचिंग’ नावाची आगबोट बुडवली. अंतर शंभर मैलांच्या आतलं. म्हणजे पाणबुडी आपल्या कोळ्यांच्या समुद्राच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. ११ ऑक्टोबरला यू-५३२ने दक्षिणेकडे ‘जलबाला’ बुडवली. ही सिंदिया कंपनीची, सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या कंपनीची बोट. वालचंदांचं नाव या गोष्टीत पुन्हा येणार आहे. या पाणबुड्यांनी शिडाची गलबतंही सोडली नाहीत. टॉर्पेडो महाग, म्हणून त्यांच्यावर तोफा चालवल्या. १६ ऑक्टोबरला ओमानच्या आखातात एका ब्रिटिश टेहळणी विमानाने यू-५३३ बुडवली तेव्हा तिच्यावरचा एकच माणूस वाचला. मुंबईसमोर असा हिशोब पुरा झाला नाही. टेहळणीचं यश बहुधा असंच असतं. पाणबुडी पाण्याखाली राहिली, तिला वर यायची हिंमत झाली नाही, ती निघून गेली. त्याचं पदक कुणाला द्यायचं?

उंचावरून फोटो काढणाऱ्या विमानांची गोष्ट निराळी, आणि तिची सुरुवात एका भारतीय संस्थानिकाच्या विमानापासून होते. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन उपद्व्यापी माणूस. युद्धाआधी व्यापाऱ्याच्या सोंगात छुपे कॅमेरे लावलेल्या विमानातून त्याने जर्मनीचे फोटो काढले होते. लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावर एका भारतीय महाराजाचं फिकट हिरवट विमान उडताना त्याने पाहिलं. उडालं आणि काही क्षणांत आकाशात विरघळलं. तसाच रंग त्याने बनवून घेतला आणि ‘कॅमोटिंट’ असं नाव दिलं. महाराजांनी तो रंग हौसेने निवडला असणार. त्यातून गुप्त टेहळणीचं एक शास्त्र निघालं. कॉटनने स्पिटफायरमधल्या तोफा काढल्या, सांधे बुजवले, अंग घासून गुळगुळीत केलं आणि रंग दिला. तीस हजार फुटांवर वरचं आकाश इतकं गडद असतं की हिरवट फिकट चालत नाही, म्हणून तिथे एक खोल निळा ठरला. ढगांखालून पहाटे-संध्याकाळी जाणाऱ्या विमानांना चक्क गुलाबी रंग दिला. अशा वेळी लपायला गुलाबीच बरा, असं आरमारातल्या माउंटबॅटनचंही मत होतं. आपल्या जहाजांना त्याने जांभळट गुलाबी फासला होता. हाच माउंटबॅटन १९४३ च्या अखेरीस आग्नेय आशियाचा सरसेनापती झाला.

भारतात या खोल निळ्या स्पिटफायर कलकत्त्याजवळ डमडमहून ब्रह्मदेशावर जात. त्यांच्या जोडीला मॉस्किटो आली, लाकडी विमानं, प्लायवूडचे थर डिंकाने चिकटवलेले. भारताच्या दमट उन्हात ते सांधे सुटू लागले. १९४४ मध्ये विमानं हवेत मोडल्याच्या घटना घडल्या. ऊन अंगावर कमी बसावं म्हणून मॉस्किटोंना चंदेरी रंग देऊन टाकला. जपान्यांपासून लपण्याची सगळी विद्या आपल्या उन्हापुढे हरली आणि रंग परत वापिटीच्या चंदेरीवर आला.

भारतीय हवाई दलाची जी स्क्वाड्रन पुढे आपल्या किनाऱ्याशी जोडली गेली, ती सहावी. १९४२ च्या डिसेंबरात त्रिचनापल्लीला उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख मेहरसिंग, डीएसओ मिळवणारे एकमेव भारतीय वैमानिक. काम आराकानच्या जंगलावर खालून उडत टेहळणी करायचं, हरिकेन विमानांतून, जोडीजोडीने. एक पाहणार, दुसरा मागे राहून पहिल्याला जपणार. ब्रह्मदेशात लढणाऱ्या चौदाव्या सैन्याचे डोळे असं नाव तिने कमावलं. तपकिरी-हिरव्या पट्ट्यांच्या अंगावर ती लहान निळी राउंडेलं. त्यांच्यापुढे पेच असा की शत्रूला दिसू नये म्हणून सगळं निळं-हिरवं, आणि १९४५ उजाडताना हुकूम आला की लढाऊ विमानांच्या पंखांवर, नाकावर, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे मारा, आपली माणसं ओळखत नाहीत. तीन वर्षं झाकलं ते एका आठवड्यात उघडं केलं. वैमानिकांनी कुरकुर केली असेल तर ती रास्त होती. तरी मला तो हुकूम चुकीचा वाटत नाही. तोवर आकाशात जपानी विमानं विरळ झाली होती, आपली मात्र दाटली होती. शत्रू कमी झाला की ओळख जास्त महत्त्वाची होते.

स्वातंत्र्यानंतर काही काळ विमानांवर अशोकचक्र होतं. २६ जानेवारी १९५० पासून बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं असं राउंडेल आलं. ते ज्या सगळ्यात मोठ्या विमानांवर चढलं ती म्हणजे लिबरेटर. त्यांची कथा कादंबरीत लिहिली तर संपादक कापून टाकील.

अमेरिकेने उसनवारीच्या करारावर ब्रिटिशांना लिबरेटर विमानं दिली होती. युद्ध संपल्यावर करारानुसार ती परत द्यायची किंवा मोडायची. कानपूरला आणून ती शाही हवाई दलाने निकामी केली. पत्रे फोडले, उपकरणं ठेचली, इंजिनात वाळू घातली असं सांगतात. नव्या भारताला मोठी बाँबफेकी विमानं हवी होती आणि विकायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने, वालचंद हिराचंदांनी १९४० साली म्हैसूर सरकारच्या मदतीने काढलेल्या कारखान्याने, त्या भंगारातून विमानं उभी करायला घेतली. एकाचा पंख, दुसऱ्याची शेपटी, तिसऱ्याचं चाक. जेमतेम उडण्याइतकं जोडायचं आणि कानपूरहून बंगळूरला न्यायचं. हे उडवून नेण्याचं काम चाचणी वैमानिक जिमी मुन्शी यांनी केलं. एक-दोन नव्हे, चाळीसच्या आसपास विमानं. बंगळूरला त्यांची नीट दुरुस्ती झाली. १९४८ च्या नोव्हेंबरात पहिली विमानं हवाई दलात दाखल झाली. १९५१ मध्ये सहावी स्क्वाड्रन नव्याने उभी राहिली, तळ पुण्याचा लोहगाव आणि काम समुद्री टेहळणी. सिंहगडावरून, मुळशी-ताम्हिणीच्या डोंगरांवरून ही चार इंजिनांची घरघर कोकणात उतरायची आणि कुलाब्याच्या किनाऱ्यावरून समुद्रात निघून जायची.

त्यांना रंग नव्हता. उघडा धातू, त्यावर काळे क्रमांक आणि राउंडेल. युद्धाच्या शेवटी अमेरिकनांनीच आपली बाँबफेकी विमानं रंगवणं थांबवलं होतं. रंगाचंही वजन असतं आणि वजन म्हणजे इंधन. पन्नासच्या दशकात अरबी समुद्रावर लपायचं कुणापासून, हाही प्रश्नच होता.

१९६१-६२ मध्ये त्यांच्या सोबतीला आल्या सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियाने बोइंग घेतली आणि ही लांब, माशासारख्या वळणदार अंगाची, तीन शेपट्यांची प्रवासी विमानं हवाई दलाला दिली. एअर इंडियात असताना त्यांची नावं राण्यांची होती, ‘राणी ऑफ झाँसी’ यातलीच एक. नाव पुसलं, ‘बीजी’ने सुरू होणारा लष्करी क्रमांक आला, शेपटीवर तिरंगी पट्टा आला. ज्या खिडकीतून लंडनला निघालेला प्रवासी चहा पीत ढग पाहायचा, त्याच खिडकीतून आता खालच्या गलबतांची मोजदाद होऊ लागली. गंमत म्हणजे लपण्याच्या दृष्टीने याहून वाईट विमान शोधून सापडलं नसतं. पण पंधरा-पंधरा तास हवेत राहू शकेल असं दुसरं होतं कुठे?

१९७१ च्या डिसेंबरात रंग सगळीकडेच लागला. मुंबईत आणि किनाऱ्यावरच्या गावांत खिडक्यांच्या काचांवर काळे कागद चिकटले, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा झाला. कॉन्स्टेलेशन अरबी समुद्रावर गस्तीला होत्या. नौदलाची फ्रेंच बनावटीची आलिझे विमानं, वरून गडद करडी आणि खालून फिकी, पाणबुड्या शोधत होती. ९ डिसेंबरला दीवसमोर ‘खुकरी’ बुडाली आणि पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’चा शोध सुरू झाला. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, पाकिस्तानी स्टारफायटरने एक आलिझे पाडलं. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय आणि त्यांचे दोन सोबती परत आले नाहीत. आलिझे संथ, पंख्याचं विमान. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगाचं, नाकात रडार घेतलेलं. रडारला करडा कळत नाही आणि पांढराही. क्रेकच्या कुरवाला अशा शिकाऱ्यापुढे काही उत्तर नव्हतं.

समुद्री टेहळणी पुढे नौदलाकडे गेली. १९७६ मध्ये कॉन्स्टेलेशन गोव्याला दाबोळीला रवाना झाल्या आणि त्यांच्या अंगावर पुन्हा एकदा नवे क्रमांक आले. रायगडच्या किनाऱ्यावरची नजर मात्र अधूनमधून ढिली पडत राहिली. १९९३ च्या सुरुवातीला शेखाडीला आणि दिघीला मुंबईच्या बाँबस्फोटांसाठीची शस्त्रं-स्फोटकं उतरली, ती कुठल्याही विमानाला दिसली नाहीत. विमानातून पाहिलं तर एक मचवा दुसऱ्यासारखाच असतो. समुद्रातून येऊन मुंबईवर झालेल्या २००८ च्या हल्ल्यानंतर हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवायचं ठरलं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक राज्याच्या मासेमारी होड्यांना ठरावीक रंगखूण देण्यात आली, म्हणजे वरून जाणाऱ्या गस्ती विमानाला होडी कुठली ते कळावं. कोळी आपली होडी आधीही रंगवत होतेच, हौसेने आणि आपापल्या आवडीने. आता त्या रंगाला सरकारी अर्थ आला आणि ओळखू यायची सक्ती विमानाकडून होडीकडे गेली.

लिबरेटर साठच्या दशकाच्या अखेरीस निवृत्त झाल्या. तोवर बाकी जगाने आपल्या बहुतेक लिबरेटर वितळवून टाकल्या होत्या. भारतात त्या उडत होत्या म्हणून वाचल्या. मग संग्रहालयांच्या मागण्या पुण्याला येऊ लागल्या. एचई ८७७ क्रमांकाचं विमान १९६९ मध्ये पुण्याहून उडत अमेरिकेत ॲरिझोनाला गेलं आणि आज तिथल्या पिमा संग्रहालयात ‘बंगे बकरू’ या नावाने उभं आहे. अंगावर इंग्लंडमधून जर्मनीवर जाणाऱ्या एका अमेरिकन बाँबफेकी गटाच्या खुणा. त्या गटात ते कधीच नव्हतं. एक कॅनडात ओटावाला गेलं. एचई ८०७ १९७४ मध्ये ब्रिटनला भेट दिलं, ते लोहगावहून उडत गेलं आणि तिथे पुन्हा आपल्या जुन्या ब्रिटिश क्रमांकावर, केएन ७५१ वर आलं. निदान हा क्रमांक तरी त्याचा स्वतःचा होता. ॲरिझोनाच्या विमानाबद्दल तेवढंही म्हणता येत नाही. तिथे उभं असलेलं विमान युरोपच्या बाँबहल्ल्यांची साक्ष म्हणून लोक पाहतात, आणि त्याने कितीतरी वर्षं पुण्याच्या एका स्क्वाड्रनमध्ये अरबी समुद्र पाहण्यात घालवली हे माहितीच्या पाटीपर्यंत गेलं तरच कळतं. संग्रहालयांना दोष देत नाही, त्यांना गोष्ट सांगायची असते आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना आपली गोष्ट ऐकायची असते. आपल्याला आपली ऐकायची असेल तर दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात एचई ९२४ उभं आहे. उघड्या धातूवर केशरी, पांढरं, हिरवं राउंडेल तसंच आहे.